गडाकडं, वढ्याकडं

पारूबाईने पदराचं टोक जिभेवर ओलं केलं आणि भर व्हरांड्यात, सगळ्या वर्गाच्या देखत, लेकाच्या हनुवटीवरचा शाईचा डाग घासायला घेतला. हैबतीने तिचं मनगट धरलं.

"आये, ऱ्हाऊ दे की!"

"बघाया मानसं यायची आन् तोंडावर काळं? बरं दिसंल व्हय?"

"मला कोण बघतंय? तुझे डोळे बघायचेत."

"व्हय रं बाबा, कळतंय मला," ती म्हणाली आणि डाग घासतच राहिली.

समोरच्या बाकावर सावळाराम बसला होता. पेठेत त्याच्या चुलत्याचं चष्म्याचं दुकान होतं, त्यामुळे वर्गात तो पहिल्या दिवसापासून अर्धा पास झाल्यासारखाच वावरायचा. तपासायला म्हणून त्याने दुकानातला कारकून आणला होता. त्या कारकुनाकडे बघून त्याने हळूच डोळा मारला. हैबतीला ते दिसलं. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आईचा राग आला, मग राग आला म्हणून स्वतःचीच लाज वाटली, आणि तो उठून उगाच व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन आला.

परीक्षा शेवटची होती. सन अडतीसचा उन्हाळा. पुण्यातल्या या वर्गात डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढायला शिकवत. वर्षभर शिकायचं आणि शेवटी मुंबईहून येणाऱ्या परीक्षकासमोर एक माणूस तपासून दाखवायचा. माणूस ज्याचा त्याने आणायचा, चाळिशीच्या पुढचा. विद्यार्थ्याने दोन्ही डोळे तपासून निदान सांगायचं, मग परीक्षक स्वतः बघणार. दोघांचं जुळलं तर दाखला, नाही जुळलं तर पुन्हा वर्षभर भिंगं पुसत बसा. हैबतीला ते वर्ष परवडणारं नव्हतं. भोरच्या दवाखान्यात शाळकरी मुलांचे डोळे तपासायला एक माणूस घ्यायचा होता आणि ती जागा पावसाळ्याच्या आत भरायची होती. दाखला हातात पडला तर जागा हैबतीची, नाही तर म्हशी होत्याच.

मुळात त्याला या वर्गात घेतलं हेच नवल. पाली गावाच्या वर, राजगडाच्या अंगाला धनगरांची वाडी. तिथून भोरच्या शाळेत जाऊन मॅट्रिक झालेला हा पहिलाच. प्रवेशाच्या वेळी वर्ग चालवणाऱ्या डॉक्टर आगट्यांनी विचारलं होतं, "वडील काय करतात?"

"म्हशी राखतात."

शेजारी बसलेले एक गृहस्थ हसले. "मग काय, म्हशींना चष्मे लावणार वाटतं?"

खोलीत हशा पिकला. हैबती हसला नाही.

"आमच्याकडे माणसांनाच अजून कुणी लावले नाहीत," तो म्हणाला. "म्हातारी माणसं चाचपडत चुलीत हात घालतात. त्यांचे डोळे कुणी बघितलेच नाहीत."

डॉक्टर आगट्यांनी तेव्हा मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि त्याचं नाव लागलं. लागलं खरं, पण वर्षभर त्याच्या शेजारची जागा रिकामीच राहिली. कोटाला म्हशीचा वास येतो म्हणे! कोट भोरच्या हेडमास्तरांनी दिलेला होता. त्याला वास आलाच असता तर तपकिरीचा आला असता. पण हे सांगणार कुणाला? हैबती डोळ्यांत तेल घालून शिकला. भिंगांची पेटी त्याला अंधारात हाताळता येऊ लागली. आरशाने तर त्याला वेडच लावलं. मधोमध भोक असलेला एक लहानसा आरसा. त्याने दिव्याचा कवडसा माणसाच्या बुबुळात टाकायचा आणि त्या भोकातून बघायचं. आत तांबूस उजेड दिसतो, आरसा हलवला की त्यावरून एक सावली सरकते, आणि ती सावली कशी सरकते त्यावरून नंबर कळतो. माणसाला काही विचारावंच लागत नाही. डॉक्टर आगटे सारखे बजावायचे, "रोगी काय सांगतो ते ऐका. पण आरशात काय दिसतं त्यावरच सही करा."

तपासायला आईलाच आणायचं, हे त्याने दिवाळीतच ठरवलं होतं. अक्षर न येणाऱ्यांसाठी वेगळा तक्ता असतो. त्यावर तीन दातांचं एकच चिन्ह, कुठे वर तोंड केलेलं, कुठे खाली, कुठे आडवं. वरच्या ओळीत मोठं आणि खाली खाली बारीक होत गेलेलं. दात कुणीकडे आहेत तेवढं माणसाने सांगायचं. सुट्टीत हैबतीने तो तक्ता जसाच्या तसा कागदावर उतरवून घरी नेला आणि सरावासाठी भिंतीला लावला. गवत ओढायच्या दाताळ्यासारखी चिन्हं, म्हणून वाडीने त्याला लगेच दाताळ्यांचा तक्ता करून टाकलं. उजवं-डावं कुणी म्हणेना. त्या घराला उजवं-डावं नव्हतंच. एका अंगाला राजगड, दुसऱ्या अंगाला ओढा. "वर, गडाकडं, खाली, वढ्याकडं," असा दिवसभर कालवा चालायचा. म्हातारीकोतारी, पोरंटोरं, सगळी येऊन उभी राहिली. बापानेही, रखमाजीनेही, मिशीत हसत दोन ओळी सांगितल्या. पारूबाई तेवढी उठली नाही. "मला न्हाई येळ," म्हणत ती चुलीपुढे भाकऱ्या थापत बसायची.

तिला अलीकडे सुईत दोरा ओवता येईना. म्हणजे साधी चाळिशी. जवळचा चष्मा दिला की झालं. याहून सोपं माणूस हैबतीला मिळालं नसतं. शिवाय नजरेच्या बाबतीत पारूबाईचं वाडीत नाव होतं. तिला बघायला गेले तेव्हा सासूने, धोंडाबाईने, बाजारात म्हैस पारखावी तशी तिला पारखली होती. त्याला कारणही तसंच होतं. मागच्याच साली नसरापूरच्या बाजारात एका डोळ्याने आंधळी म्हैस धोंडाबाईच्या गळ्यात पडली होती. तिने सुपात नाचणी घेतली, नाचणीत बारीक खडे कालवले, आणि पोरीचा आधी एक डोळा पदराने झाकला, मग दुसरा. पोरीने दोन्ही खेपेला खडा न् खडा वेचून काढला. "मान सुदिक वाकीवली न्हाई म्या," असं पारूबाई अजून सांगायची आणि ऐकणाऱ्या बाया तोंडात बोट घालायच्या. हैबती ही गोष्ट ऐकतच लहानाचा मोठा झाला होता.

आदल्या दिवशी तो तिला मोटारीने पुण्याला घेऊन आला. रस्त्याने तिने त्याला उजव्या हाताला धरलं होतं. लहानपणापासून तिची ती रीतच होती. तो डाव्या बाजूला गेला की दंडाला धरून ती त्याला उजवीकडे ओढायची. मंडईपाशी डावीकडे बसलेल्या बाईच्या पाटीला तिचा पाय लागला आणि लिंबं रस्ताभर झाली. "डोळे फुटलं का गं?" ती बाई ओरडली. पारूबाई खाली बसून मुकाट्याने लिंबं गोळा करू लागली. शहराच्या गर्दीने बावरली बिचारी, असं हैबतीला वाटलं.

त्याचं नाव पुकारलं. आतल्या खोलीत परीक्षक खुर्चीत बसले होते, शेजारी डॉक्टर आगटे, आणि ज्यांचं झालं होतं ती मुलं भिंतीला टेकून उभी होती. हैबतीने आईला स्टुलावर बसवलं, तिच्या हातात पुठ्ठा दिला आणि डावा डोळा झाकायला सांगितलं. तो काठीने एकेक चिन्ह दाखवू लागला. पारूबाई हाताने दिशा दाखवत गेली. खालच्या ओळींत अडखळली, डोळा बारीक केला, शेवटच्या ओळीत एकदा चुकली. वयाच्या मानाने उत्तम.

"आता हा झाका. डाव्याने सांगा."

तिने पुठ्ठा उजव्या डोळ्यावर धरला. पाठ ताठ केली.

"वर. गडाकडं. खाली. वढ्याकडं. वढ्याकडं. वर. गडाकडं."

हैबतीची काठी मागे पडली. ती कुठे थांबेना, अडखळेना. शेवटच्या ओळीपर्यंत एका दमात आली, एकही चूक नाही.

"काय म्हणतात या? कसला गड?" परीक्षकांनी विचारलं.

"डोंगरातली माणसं," डॉक्टर आगटे हसून म्हणाले. "दिशा सांगताहेत."

 उजव्या डोळ्याने बघताना तिने हाताने दाखवलं होतं. मग आताच गड आणि ओढा कुठून आला? पुण्यातल्या या चार भिंतींत गड कुणीकडे, हे तिला कुणी सांगितलं? चुलीपुढचं ते भाकऱ्या थापणं त्याला आठवलं, आणि दिवसभर तिच्या कानांवर पडणारा तो कालवा.

खिडक्या लावून अंधार केला. त्याने दिवा तिच्या मागे ठेवला आणि आरसा डोळ्याला लावला. उजव्या डोळ्यातली सावली सरळ सरकली, शिकवल्याप्रमाणे. डाव्या डोळ्यात त्याने एक भिंग घातलं, दुसरं घातलं, मोठमोठी घालत गेला तेव्हा कुठे सावली जागेवर आली. एवढा नंबर, तोही एकाच डोळ्याला! असा डोळा लहानपणीच हात टेकतो. दिसायला निरोगी असतो, पण बघायचं शिकतच नाही. असल्या डोळ्याने तिला तक्त्याच्या जागी फार तर पांढरं काहीतरी दिसत असणार. मग नाचणीतले खडे? खडे तिने बोटांनी वेचले होते. मान वाकवली नाही, कारण वाकवून काही दिसणारच नव्हतं.

बाईने पंचवीस वर्षं संसार केला, म्हशी राखल्या, कडे उतरली, आणि घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही.

 परीक्षकांनी विचारलं तसे हैबतीने दोन्ही डोळ्यांचे नंबर सांगितले. खोटं सांगायचं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण परीक्षक स्वतः बघणार होते. ते उठले, त्यांनी आरसा घेऊन पाहिलं, खिडक्या उघडायला लावल्या आणि परत खुर्चीत बसले.

"आरशाने म्हणता, हा डोळा जवळजवळ कामातून गेलेला. तक्त्यावर तर तोच डोळा उजव्यापेक्षा सरस. दोन्ही खरं कसं असेल? तुमचा आरसा चुकला की या बाई चुकल्या?" परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं.

हैबती भिंगं पेटीत परत लावू लागला.

"सिद्ध करा. नाही तर आरसा चुकला म्हणा, आणि पुढच्या वर्षी या."

त्याने आईकडे पाहिलं. ती पुठ्ठा पुन्हा उजव्या डोळ्यावर धरून बसली होती आणि जरा हसत होती. घरी एखादं अवघड काम उरकल्यावर हसायची तशी. पुढचं वर्ष. भोरची जागा. सावळाराम भिंतीपाशी उभा होता, हाताची घडी घालून. आता कळेल धनगराला, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं.

हैबती तक्त्यापाशी गेला. आवाज न करता त्याने तो खिळ्यावरून काढला, उलटा केला आणि परत लावला. वरचे दात खाली झाले, गडाकडचे ओढ्याकडे. पारूबाईची मान हलली नाही. डावा डोळा उघडा टाकून ती सरळ समोर बघत होती.

"आये," तो हळूच म्हणाला, "पुन्यांदा सांग बरं."

"वर," पारूबाई म्हणाली. "गडाकडं. खाली. वढ्याकडं."

भिंतीपाशी कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरा. परीक्षकसुद्धा मिशीत हसले. पारूबाईला ते हसणं कौतुकाचं वाटलं असावं, कारण तिने आवाज चढवला आणि शेवटची ओळ ठणठणीत म्हटली.

"वढ्याकडं. वर. गडाकडं!"

मग पुठ्ठा खाली घेतला.

उजव्या डोळ्याला तक्ता दिसला. मोठं दाताळं तळाशी, बारकी वर. तिने एकदा तक्त्याकडे पाहिलं, एकदा लेकाकडे, आणि पदर पुढे ओढून घेतला.

"शाब्बास!" परीक्षक म्हणाले. "पाठ केलेला तक्ता अन् आळशी डोळा. बरोबर पकडलंत. बाई, हे कधीपासून आहे?"



"लग्नाआधीपासून," हैबती म्हणाला. कसला तरी जोर त्याच्या जिभेवर बसला होता, त्याला थांबता येईना. शुद्ध भाषेत, क्रमवार, त्याने सगळं सांगितलं: आंधळी म्हैस, सुपातली नाचणी, पदराने झाकलेला डोळा, बोटांनी वेचलेले खडे. परीक्षकांनी मुलांना जवळ बोलावलं. ऐका रे, म्हणाले, याला म्हणतात रोग्याचा पूर्ववृत्तांत. डॉक्टर आगटे तेवढे हसत नव्हते. ते पारूबाईजवळ वाकून म्हणाले, "बाई, लहानपणी चष्मा मिळाला असता तर हा डोळा वाचला असता. आता उपयोग नाही. उजव्याला जपा." तिने मान हलवली, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही.

हैबती वर्गात पहिला आला. सावळारामने येऊन त्याच्याशी हात मिळवला. वर्षभरात पहिल्यांदाच.

दोघं त्याच दिवशी परतीच्या मोटारीत बसली. नसरापूरच्या फाट्यावर उतरली आणि वाडीच्या वाटेला लागली. ऊन कलतं झालं होतं. पारूबाईने विचारलं, "पास झालास न्हवं?"

"झालो."

"पयला?"

"व्हय."

"बरं झालं." जरा पुढे गेल्यावर म्हणाली, "तुज्या बाला सांगनार हाईस?"

"न्हाई."

"त्यास्नी ठावं न्हाई. सासूलाबी मरस्तवर कळलं न्हाई."

हैबतीला राहवेना. "आये, पण खरं का न्हाई सांगितलंस? दिसत न्हाई म्हनाली असतीस तरी मी पासच झालो असतो. खोट शोधायलाच तर बसवलं होतं तुला."

ती थांबली. मनापासून नवल वाटल्यासारखी त्याच्याकडे बघत राहिली.

"दाखवाया नेल्यावर खोट कोन दाखवतं रं? म्हशीत खोट निघाली तर मालकाचीच छी-थू व्हती. मला वाटलं, म्या चुकले तर तुला नापास करत्याल. दिवाळीपासनं पाठ करत व्हते. भाकरी थापताना, धारा काढताना."

"माझी जागा गेली असती, आये. मी तरी काय करनार होतो?"

"म्हून तर म्हनलं, बरं झालं. तुजं काय चुकलं न्हाई." पुन्हा ती चालू लागली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच हैबतीला तो सोसवेना. ओढ्याच्या काठाशी आल्यावर ती म्हणाली, "येकच इचारते. तक्ता उलटा केलास, तवा 'आये' म्हून हाक कशापायी मारलीस? समदी बाई, बाई म्हनत व्हती. तूबी 'बाई' म्हनायचं व्हतंस."

हैबतीने पुढे होऊन ओढ्यात पाय टाकला.

ओढा कोरडा होता. धोंड्यांवरून पाय देत दोघं पलीकडे आली. पुढे वाट रुंद झाली, समोर राजगड दिसू लागला. सवयीने तो तिच्या उजव्या हाताला आला. पारूबाईने काखेतलं गाठोडं काढून उजव्या कमरेवर घेतलं, त्याच्या आणि आपल्या मध्ये.

"ह्या अंगाला ये," ती म्हणाली आणि डावीकडे हात केला.

तो मागून वळसा घालून डावीकडे आला. ती समोर बघत चालत होती. चालता चालता त्याने दोनदा तिच्याकडे पाहिलं. डावा डोळा उघडा होता, स्वच्छ होता, त्याच्याकडेच वळलेला वाटत होता. वाडी येईपर्यंत तिने मान वळवली नाही.